शेवटच्या रांगेतला देवदूत

आमच्या धंद्यात नव्या कंपनीला पहिला पैसा देणाऱ्याला एंजल म्हणतात, म्हणजे देवदूत. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. मी पुष्कळ देवदूत जवळून पाहिले. पंखांचं राहू दे, निम्म्यांना वेळेवर यायचंही वळण नव्हतं.

कंपनी माझी आणि माझ्या धाकट्या भावाची. घरी त्याला सगळे छोट्या म्हणतात. दाराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं तरी म्हणतात. यंत्र बिघडण्याच्या आधी त्याचा आवाज किंचित बदलतो. आपल्या कानाला ते कळत नाही, छोट्याच्या डबीला कळायचं. काडेपेटीएवढी डबी यंत्राला चिकटवायची, ती आवाज आमच्या खोलीतल्या मोठ्या पेटीकडे पाठवायची आणि पेटी निवाडा द्यायची. हिरवा दिवा म्हणजे यंत्र ठणठणीत, लाल म्हणजे थांबवा. त्या पेटीला छोट्या 'थोरली' म्हणायचा. ते नाव माझ्यावरून ठेवलंय हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला.

पेटीचं सगळं तो बघायचा, माणसांचं सगळं मी. माणसांत तोही आलाच. आई रोज सकाळी दारात उभी राहून बजावायची, "त्याच्याकडे लक्ष ठेव गं. कामात बुडाला की त्याला खाण्यापिण्याची शुद्ध राहत नाही." काम करताना तो गुणगुणायचा. गाणं असं नाही, नाकातून नुसता एक सूर, दिवसभर. माझं डोकं उठायचं. पण तो सूर थांबला की मी लगेच मान वर करून बघायची, कारण थांबला म्हणजे एकतर त्याला भूक लागलेली असायची किंवा काहीतरी जळालेलं असायचं.

पहिला देवदूत आमचा मामा. निवृत्तीच्या पैशातला मोठा तुकडा त्याने काढून दिला, कागद बघायला नको म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना "माझी कंपनी" सांगत सुटला. असले नात्यातले देवदूत सगळ्यात महाग पडतात. त्यांच्यापासून तोंड लपवता येत नाही.

दुसरे होते मास्तर. एका मोठ्या पंप कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. चिमूटभर पैसा आणि घमेलंभर सल्ला. पहाटे फोन करून विचारायचे, "काल काय शिकलात?" मी उशीत तोंड खुपसून म्हणायची, "फोन बंद ठेवायला शिकले नाही, सर." ते हसायचे नाहीत.

तिसऱ्याला आम्ही शिंपड्या म्हणायचो. तो शंभर ठिकाणी थोडं थोडं शिंपडतो, म्हणजे एखादं तरी रोप उगवेल. माणूस गोड, पण आम्ही त्याच्या ध्यानातही नसायचो. एकदा त्याचा कौतुकाचा निरोप आला, माशांचं खाद्य बाजारात छान खपतंय असं ऐकलं म्हणून. आम्ही मासे कधी पाळलेसुद्धा नव्हते. छोट्याने उत्तर पाठवलं, "मासे खूश आहेत."

आणि मग टोळी. दहा-पंधरा देवदूत एकत्र येऊन मंडळ काढतात, एका हॉटेलच्या हॉलमध्ये बसतात, आणि आपण समोर उभं राहून आपली कंपनी समजावून सांगायची. एकाने मान हलवली की सगळे हलवणार, एकाने घड्याळ बघितलं की सगळे बघणार. मी तिथे बोलले तेव्हा सगळ्यांनी घड्याळच बघितलं. "पुढे बघू" म्हणाले. पुढे बघू म्हणजे काय ते कळण्याइतकी मी एव्हाना शहाणी झाले होते.

हॉल रिकामा झाल्यावर मी तारा गुंडाळत होते. दिवे विझवायला आलेल्या माणसाने विचारलं, "तुमच्या त्या पाहुण्यांना सांगता का जरा?" मी बघितलं तर शेवटच्या रांगेत एक गृहस्थ बसलेले. करड्या रंगाचा कोट, मांडीवर दोन्ही हात उपडे. पूर्ण वेळ ते तिथे होते की नंतर आले, मला आजही सांगता येणार नाही. मी मघाशी माणसं मोजली होती, तेव्हा ते मोजणीत आले नव्हते एवढं खरं.

"मला आवडलं," ते म्हणाले. "मी पैसे देतो."

त्यांनी आकडा सांगितला. एवढे पैसे द्यायला तयार असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी विचारलं, हिस्सा किती हवा. म्हणाले, तुम्ही द्याल तो. सल्ला द्याल का? नाही. मग अट काय?

"तुमच्या खोलीत मला एक खुर्ची हवी. मी येऊन बसेन. कुणाला त्रास होणार नाही." मग जरा लाजल्यासारखं होऊन ते म्हणाले, "काहीतरी नवीन सुरू होत असतं ना, अशा खोलीतच मला बरं वाटतं. बाकी कुठे नाही."

आमच्यात एक पद्धत आहे. कुणाचा पैसा घ्यायच्या आधी, ज्यांनी तो पूर्वी घेतला त्यांना फोन करून विचारायचं, माणूस कसा आहे. गृहस्थांनी आपण होऊन एक नंबर दिला. एका बाईंनी फोन उचलला. मी नाव, काम, सगळं सांगितलं. मग त्यांनी उलट मलाच विचारलं, "ते जेवतात का?"

"मला कसं माहीत असणार?" मी म्हटलं.

"हो, तेही खरं." त्या म्हणाल्या. "माणूस चांगला आहे. घ्या त्यांना. भिंतीला पाठ टेकेल अशी खुर्ची द्या. आणि हे बघा, कधी नकोसे झाले तर सरळ उठा म्हणून सांगा. संकोच करू नका."

काय समंजस बाई आहे, असं मला वाटलं. मी आभारही मानले.

आमची खोली टायरच्या दुकानावर होती. लाकडी जिना, प्रत्येक पायरी कुरकुरणारी; कोण येतंय ते आम्ही न बघता ओळखायचो. गृहस्थांची पायरी कधी वाजली नाही. सकाळी मी कुलूप काढून खिडक्या उघडायची, केर काढायची, वळून बघते तो भिंतीकडच्या खुर्चीत ते बसलेले. "नमस्कार" म्हणायचे आणि मग दिवसभर शब्द नाही. वाचायचे नाहीत, फोन नाही, पेंगायचेसुद्धा नाहीत. चहा दिला की "ठेवा" म्हणायचे, आणि संध्याकाळी मी तो सायीसकट मोरीत ओतायची. छोट्याने त्यांचं नाव गपचूपराव ठेवलं. मला पहिल्यापासून त्यांची भीती वाटत होती. पैसे दिलेल्या माणसाची भीती वाटते हे कबूल करायला लाज वाटत होती, म्हणून मी हसत होते.

एकदा छोट्याने गंमत म्हणून त्यांच्या खुर्चीच्या पायाला एक डबी चिकटवली. माणूस नुसता बसला तरी आवाज करतो. श्वास, पोटातली गुरगुर, कोटाचं कापड. छोट्याने पडद्यावर बघितलं आणि मला खुणेने बोलावलं. रेघ सरळ होती.

"खुर्ची रिकामी आहे म्हणतेय," तो कुजबुजला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"डबी बिघडली असेल," मी म्हटलं.

"माझी डबी?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला म्हणून मी विषय सोडला.

आता चूक सांगते. ती चूक फक्त आम्हीच करू शकलो असतो. छोट्याचा एक हट्ट होता. डब्यांकडून आलेला आवाज थोरली खोलीत अगदी बारीक वाजवायची आणि आपल्या कानाने परत ऐकायची. तारेतून आलेला आवाज खोटा, हवेतून आलेला खरा, असं तो म्हणायचा. त्यामुळे आमच्या खोलीत दिवसभर लांबलांबच्या कारखान्यांची कुजबुज चालायची. पण त्यासाठी थोरलीला आधी खोलीचा स्वतःचा आवाज शिकवावा लागे, म्हणजे तेवढा सोडून बाकीचं तिने ऐकावं. याला आम्ही बाळकडू म्हणायचो. बाळकडू पाजताना पंखा बंद, खिडक्या बंद, आणि खोलीत चिटपाखरू नको, हा नियम छोट्याचाच. आम्ही दोघं जिन्यात जाऊन बसायचो.

थोरलीचं शेवटचं, पक्कं बाळकडू झालं त्या दुपारी आम्ही नेहमीसारखे जिन्यात बसलो. मी विचारलं, "अरे, गपचूपराव आत आहेत ना?"

"असू देत," छोट्या म्हणाला. "त्यांचा कुठे आवाज येतो?"

त्या दिवसापासून थोरली चालली, आणि अशी चालली की आमचाच आमच्यावर विश्वास बसेना. एका कागदाच्या कारखान्यात तिने सांगितलेला रूळ उघडून बघितला तर आत केसाएवढी चीर. मग काचेचा कारखाना आला, मग एक मोठी लाँड्री. मामाने न्हाव्याला दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. छोट्या मात्र एकदा म्हणाला, "ताई, ते बसले की खोली फार शांत होते, तुझ्या लक्षात आलंय? रिकाम्या खोलीहून शांत. खाली टायरवाला हातोडा मारतो तोही मऊ लागतो." हे तो कौतुकाने म्हणाला. नंतर नंतर तो कामातून मान वर करून गपचूपरावांकडे बघत राहायचा, नाकातला सूर तसाच लांबवत.

मग टोळी आली. पुढे बघू म्हणणारे तेच देवदूत जिना चढून, धापा टाकत आले. मोठा पैसा देऊ म्हणाले. कागदपत्रं चाळताना त्यांच्या म्होरक्याने भिंतीकडे बोट केलं, "हे कोण?"

मी सांगितलं.

"यांना मोकळं करा. त्यांचा हिस्सा आम्ही विकत घेतो. अशी अनोळखी छोटी माणसं पुढे अडचण करतात."

हा आमच्या धंद्याचा रिवाजच आहे. मोठे आले की आधी आलेल्या छोट्या माणसाला उठवायचं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. टोळी गेल्यावर मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे सरळ म्हटलं, "आता तुम्ही उठा. आम्हाला ही जागा हवी आहे."

त्यांनी वर बघितलं. "नक्की ना? तुम्ही सांगताय म्हणून उठतो हं."

"हो. उठा."

ते उठले. खुर्ची कुरकुरली, पहिल्यांदाच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यांचे हात गरम होते, आणि म्हणाले, "फार उपकार झाले, ताई. मला भूक लागलीय." मग ते जिना उतरून गेले. प्रत्येक पायरी वाजली. खालच्या पायरीवर तर ते अडखळले आणि टायरवाला त्यांच्यावर खेकसला.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा दिवा लाल झाला.

कागदाच्या कारखान्यासाठी लाल, काचेच्या कारखान्यासाठी लाल, लाँड्रीसाठी लाल. सगळीकडे यंत्रं थांबली, माणसांनी ती उघडून बघितली, आत काही नव्हतं. फोन वाजायला लागले. छोट्याने थोरलीला नव्याने बाळकडू पाजलं. पुन्हा पाजलं. रस्ता, हातोडा, वरच्या मजल्यावरचा नळ, यांच्यातून तिला कारखान्यांची कुजबुज वेगळी काढता येईना. त्या गृहस्थांची शांतता होती तेव्हाच तिला धड ऐकू येत होतं. टोळीच्या म्होरक्याने संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. मामाचा निवृत्तीचा पैसा डोळ्यांपुढे यायला लागला.

छोट्या खोलीच्या मध्यभागी उभा होता. डोळे तारवटलेले, सकाळपासून पोटात काही नाही. त्याची नजर भिंतीकडच्या खुर्चीवर गेली.

"जरा बसून बघतो," तो म्हणाला.

"नको," मी म्हटलं. का नको ते मला सांगता आलं नसतं.

"अगं, नुसता बसतोय."

तो बसला. भिंतीला पाठ टेकली, हात मांडीवर उपडे ठेवले. टायरवाल्याचा हातोडा मऊ झाला. थोरलीने एकेक करत सगळे दिवे हिरवे केले, आणि माझ्या हातातला फोन वाजायचा थांबला.

"बघ," छोट्या म्हणाला. हसला. आणि मग त्याचं गुणगुणणं ऐकू येत नाहीये हे माझ्या लक्षात आलं.

"चल, ऊठ. काहीतरी खाऊन घे."

"हो. पाच मिनिटं."

लहानपणापासून हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी वाट बघितली. मग ओरडले. मग त्याचा हात धरून ओढला. हात गार होता आणि सहज माझ्या हातात आला, पण तो उठला नाही. मी म्हटलं, मी बसते तिथे, तू ऊठ. "हो ताई, पाच मिनिटं." मी थोरलीची तार उपटून काढली. दिवे विझले, कुजबुज थांबली, आणि तो तसाच बसून राहिला. खुर्चीच्या पायाला ती गमतीची डबी अजून चिकटलेली होती. मी तार पुन्हा लावली आणि पडद्यावर बघितलं. रेघ सरळ होती. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, आणि माझा भाऊ माझ्याकडे प्रेमाने बघत राहिला.

मी त्या बाईंना फोन लावला. या वेळी त्यांनी पहिल्या घंटीला उचलला, जणू माझीच वाट बघत होत्या.

"तुमच्यापैकी कोण बसलं?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"अरेरे." त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. "इथे माझे यजमान बसले होते. आमची कंपनी होती, त्यांची आणि माझी. आम्हीही एका गृहस्थांचा पैसा घेतला होता आणि मोठे आले तेव्हा त्यांना उठवलं होतं. खोलीला एकदा ती सवय लागली की कुणीतरी बसतंच."

"आणि ते आता कुठे आहेत?"

"घरी. काल तुम्ही उठवलंत आणि आले. दारातूनच भूक लागली म्हणाले. पोटभर जेवले, आत्ता झोपलेत. घोरताहेत." मला पलीकडून ते ऐकूही आलं. "हे बघा, तुम्ही त्याला कितीही सांगा, तो उठायचा नाही. आपल्या माणसाने सांगून उठत नाहीत. मी सगळं करून बसले. परक्याने सांगावं लागतं, ज्याच्या खोलीत बसलाय त्याने. म्हणून त्याला परक्या खोलीत जाऊन बसावं लागतं."

"आणि तो उठला की त्या खोलीतलं कुणीतरी बसणार."

"हो."

"हे तुम्हाला माहीत होतं. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, माणूस चांगला आहे."

"चांगलेच आहेत हो ते," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हालाही फोन येईल एक दिवस. तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा." मी फोन आपटला. मी असं काही करणार नाही, असं मी आईच्या गळ्याची शपथ घेऊन स्वतःला सांगितलं.

पुढचं तसं सगळं चांगलंच झालं. टोळीचा पैसा आला. कंपनी वाढली, आणि मग एका मोठ्या कंपनीने ती घेऊन टाकली. त्यांच्याकडे त्यांच्या पेट्या होत्या, त्यांना थोरली नको होती. मामाला त्याच्या पैशाच्या कितीतरी पट मिळाले, मास्तरांनी पहाटे फोन करून अभिनंदन केलं, शिंपड्याने माशांबद्दल विचारलं. छोट्याच्या नावावर इतका पैसा जमा झाला की आकडा मी एकदाच बघितला.

तो रोज घरी यायचा, खुर्चीतून उठताना मात्र मी त्याला कधी बघितलं नाही. संध्याकाळी मी वळून बघायची तो टेबलाशी बसलेला. आई ताट वाढायची, तो "हो, जेवतो" म्हणायचा, आणि ताट तसंच राहायचं. पहिल्यांदा आई चिडली, मग डॉक्टर झाले, मग ती नुसतीच समोर बसून राहायला लागली. अन्न गरम करायचं, वाढायचं, परत गरम करायचं. तो बारीकसुद्धा झाला नाही. आईला मी काही सांगितलं नाही. ती मला एकदाच म्हणाली, "तुला लक्ष ठेव म्हटलं होतं ना गं," आणि तेही रागाने नाही.

टायरच्या दुकानावरची खोली आम्ही सोडली. त्यानंतर छोट्या बेचैन झाला, घरात या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसायला लागला. एकदा म्हणाला, "ताई, मला इथे बरं वाटत नाही गं." मग त्याने एक करडा कोट घेतला आणि टोळीच्या त्या हॉलमध्ये जायला लागला. मी एकदा मागे गेले. पुढे दोन मुलगे घसा खाकरत काहीतरी समजावत होते आणि शेवटच्या रांगेत माझा भाऊ बसला होता. दारावरच्या माणसाला मी विचारलं, आत किती जण आहेत. त्याने मोजले, आणि त्याच्या मोजणीत छोट्या नव्हता.

फोन आज दुपारी आला. आई ओट्याशी होती, मी भाजी निवडत होते.

"नमस्कार," एका मुलीचा आवाज. भरभर बोलत होती. "मी तुम्हाला ओळखत नाही, सॉरी हं. आम्ही दोघी बहिणी मिळून एक कंपनी काढलीय. एक जण पैसे द्यायला तयार आहेत आणि त्यांनीच तुमचा नंबर दिला. फार शांत आहेत. काही मागत नाहीत, फक्त एक खुर्ची. आम्हाला जरा विचित्रच वाटलं. माणूस म्हणून कसे आहेत ते?"

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. काय सांगायचं ते माझं ठरलेलं होतं. कित्येक दिवस मी ते मनात घोकलं होतं: बाळा, त्याचा पैसा घेऊ नका. कितीही अडलात तरी घेऊ नका. एवढंच बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं.

"तो जेवतो का?" मी विचारलं.

"अं? माहीत नाही हो. काल चहा दिला होता, तो तसाच राहिला."

तिच्या मागे खोलीत कुणीतरी गुणगुणत होतं. गाणं नाही, नुसता एक सूर.

"ती माझी धाकटी बहीण," मुलगी हसून म्हणाली. "काम करताना तिचं हे चालूच असतं. वैताग नुसता."

ओट्याशी आईने छोट्याचं ताट घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं, तरी ती ते पुसत होती, कडेकडेने, सावकाश.

"हॅलो? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "माणूस चांगला आहे. घ्या त्याला. खुर्ची खिडकीजवळ द्या, त्याला लहानपणापासून खिडकी लागते. आणि कधी नकोसा झाला तर सरळ ऊठ म्हणून सांगा. संकोच करू नका."

तिने मनापासून आभार मानले. ती मला ताई म्हणाली.

आईने विचारलं, कुणाचा फोन होता. मी सांगितलं, छोट्याला बहुतेक चांगली जागा मिळालीय. आता फार दिवस वाट बघावी लागणार नाही, एक दिवस येईल तो दारातून भूक भूक करत. आईचा चेहरा इतका उजळला की मला तिच्याकडे बघवेना. मी परत भाजी निवडायला बसले.